दीड सेंटिमीटरच्या जखमेखाली: सोलापुरातील एका विडी कामगार महिलेच्या तर्जनीचे प्रकरण

या प्रकरणातील रुग्ण 34 वर्षांची, उजव्या हाताला अधिक वळण असलेली, सोलापूरच्या विडी घरकुल परिसरात राहणारी महिला आहे. ती घरात तेलुगू व बाहेर मराठी बोलते. लग्नाआधीपासून ती विडी वळण्याचे काम करीत आली आहे. कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा आणायचा, घरी बसून विड्या वळायच्या आणि मोजून माल जमा करायचा, असा तिचा दिवस जातो, आणि मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. तिची ओळख पटेल असे काही तपशील येथे बदलले आहेत; वैद्यकीय बाबी मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत आणि त्या मांडण्यास तिची संमती आहे.

काम आधी समजून घेतल्याशिवाय ही दुखापत समजत नाही. विडी वळताना कातरलेले पान डाव्या हाताच्या अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरले जाते, उजव्या हाताने त्यावर तंबाखू पसरली जाते आणि दोन्ही हातांच्या बोटांनी ते पान घट्ट, पण फाटणार नाही इतपतच दाबाने वळले जाते. हा दाब वळणारी व्यक्ती डोळ्यांनी ठरवत नाही. तो बोटाच्या गराला, म्हणजे टोकाच्या मऊ भागाला, जाणवतो. म्हणून डाव्या तर्जनीची अंगठ्याकडची कड आणि त्याच बोटाचा मधला सांधा या दोन गोष्टींवर तिची मजुरी अवलंबून होती, आणि नेमक्या याच दोन गोष्टी एका फुटक्या ग्लासाने एकाच वेळी निकामी केल्या.

जखम आणि मधले बारा दिवस

संध्याकाळची भांडी घासताना डाव्या मुठीत धरलेला काचेचा ग्लास दाबाने फुटला आणि तर्जनीच्या मुळाकडच्या पेरावर, तळव्याच्या बाजूने, आडवी जखम झाली. तिची लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर होती. फडके घट्ट बांधून ती जवळच्या दवाखान्यात गेली. तेथे जखम धुऊन तीन टाके घातले गेले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले गेले आणि प्रतिजैविकांच्या गोळ्या सुरू झाल्या. बोट वाकत नसल्याचे तिने दोनदा सांगितले, असे ती म्हणते; सूज उतरली की वाकेल, असे तिला समजावण्यात आले. दहाव्या दिवशी टाके निघाले. जखम स्वच्छ भरून आली होती.

त्या दवाखान्यात जे केले गेले, त्यातले काहीही चुकीचे नव्हते. जखम नीट धुतली गेली होती, जंतुसंसर्ग झाला नव्हता, आणि पुढच्या शस्त्रक्रियेसाठी ही मोठी जमेची बाजू ठरली. राहून गेली ती एकच पायरी: त्वचा शिवण्याआधी बोटाचे दोन्ही सांधे स्वतंत्रपणे वाकवायला सांगणे आणि बोटाच्या दोन्ही कडांना स्पर्श जाणवतो का ते पाहणे. ही पायरी राहून जाण्याचे कारण मला समजते. जखम लहान असते, रक्त थांबलेले असते, रुग्ण घाबरलेला असतो आणि बाहेर गर्दी असते. तरीही बोटाच्या तळव्याकडील बाजूला काचेची किंवा विळीची जखम असेल, तर खालची रचना तुटलेली आहे असे गृहीत धरूनच तपासणी करावी, असे माझे ठाम मत आहे. ती शाबूत असल्याचे सिद्ध होईपर्यंत जखमेला लहान म्हणू नये. त्या क्षणी दुरुस्ती करणे शक्य नसले तरी काही बिघडत नाही. जखम धुवावी, त्वचा सैल शिवावी, हात स्प्लिंटमध्ये, म्हणजे तो स्थिर ठेवणाऱ्या आधारपट्टीत, ठेवावा आणि रुग्णाला दोन-चार दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावे, एवढे पुरते. कंडरा, म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत पोहोचवणारी दोरी, दुरुस्त करणे ही मध्यरात्री धावपळीत उरकण्याची शस्त्रक्रिया नाही. काही दिवस थांबून, अनुभवी हातांनी आणि योग्य साधनांनी केलेली दुरुस्ती अधिक चांगली होते. रुग्णाला हे त्याच वेळी कळले पाहिजे, एवढेच.

बाराव्या दिवशी ती आमच्याकडे आली, पण बोट वाकत नाही म्हणून नव्हे. तव्यावरची भाकरी उलटताना तर्जनीच्या कडेला मोठा फोड आला होता आणि चटका बसल्याचे तिला कळलेच नव्हते, याने ती धास्तावली होती. सासूबाई सोबत होत्या. त्यांचे म्हणणे असे की बोट हळूहळू सुटेल, पण स्वतःचे कातडे जळताना कळू नये हे काही बरे लक्षण नाही. त्यांचे निरीक्षण अचूक होते.

तपासणी

हाताला स्पर्श करण्याआधी त्याच्याकडे नुसते पाहिले तरी बरेच कळते. हात सैल सोडून टेबलावर उताणा ठेवला की बोटे आपोआप थोडी वाकलेली राहतात, आणि हा वाक तर्जनीकडून करंगळीकडे क्रमाने वाढत जातो. या रुग्णाची मधली, अनामिका व करंगळी अशी वाकलेली होती आणि तर्जनी मात्र सरळ, त्या ओळीतून बाहेर पडलेली दिसत होती. मग तिचे मनगट हळूच मागे वाकवले. असे केल्यावर वाकवणाऱ्या कंडरांवर ताण येऊन बोटे आपोआप मिटू लागतात; तीन बोटे मिटली, तर्जनी तशीच राहिली. रुग्ण लहान मूल असो, बेशुद्ध असो किंवा वेदनेमुळे सहकार्य करीत नसो, ही दोन निरीक्षणे कधीही करता येतात आणि त्यांना कोणतेही साधन लागत नाही.

प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या दोन कंडरा असतात. खोलवरची, म्हणजे फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडस, टोकाच्या पेरापर्यंत जाते आणि टोकाचा सांधा वाकवते. वरची, म्हणजे सुपरफिशियालिस, मधल्या पेराला दोन फाट्यांनी जोडलेली असते आणि मधला सांधा वाकवते. तिच्या त्या दोन फाट्यांमधूनच खोल कंडरा पुढे जाते. मधले पेर धरून फक्त टोक वाकवायला सांगितले की खोल कंडरेची परीक्षा होते. वरच्या कंडरेसाठी बाकीची बोटे सरळ धरून ठेवतात आणि एकच बोट मधल्या सांध्यात वाकवायला सांगतात. मात्र तर्जनीत ही दुसरी चाचणी फसवी ठरू शकते, कारण तर्जनीची खोल कंडरा इतर बोटांच्या कंडरांपेक्षा बरीच स्वतंत्रपणे काम करते आणि एकटीच दोन्ही सांधे वाकवू शकते. म्हणून तर्जनीसाठी अंगठ्याशी चिमटी करून कागद धरायला सांगावा: वरची कंडरा शाबूत असेल तर टोकाचा सांधा सरळ ठेवून, गराला गर लावून चिमटी जमते. आमच्या रुग्णाला यांतले काहीच जमले नाही. दोन्ही कंडरा पूर्ण तुटल्या होत्या.

येथे एक गोष्ट वेगळी सांगण्यासारखी आहे. कंडरा अर्धवट कापली गेली असेल तर बोट वाकते, पण जोर लावताच दुखते. असे बोट पाहून निश्चिंत होऊ नये, कारण अशी कंडरा काही दिवसांनी पूर्ण तुटू शकते किंवा तिचा लोंबता धागा आवरणात अडकून बोट अडखळू शकते.

स्पर्शासाठी कागदाची क्लिप सरळ करून तिची दोन टोके वापरली. निरोगी बोटाच्या गराला साधारण 6 मिलिमीटरपेक्षा कमी अंतरावरची दोन टोकेही वेगवेगळी जाणवतात. तिच्या तर्जनीच्या मधल्या बोटाकडील बाजूला 4 मिलिमीटर अंतर ओळखता आले. अंगठ्याकडील बाजूला क्लिप टेकवल्याचेही कळले नाही. त्या बाजूची त्वचा कोरडी, गुळगुळीत झाली होती आणि गुळगुळीत पेन तिच्यावरून सहज घसरत होते, कारण मज्जातंतू तुटला की तेथील घामही थांबतो. अंगठ्याकडील बाजूचा मज्जातंतू तुटला होता. बोटाचा रंग व उष्णता चांगली होती, म्हणजे दुसऱ्या बाजूची धमनी बोटाला पुरेसे रक्त पुरवत होती.

क्ष-किरण चित्र काढले ते हाडासाठी कमी आणि काचेसाठी जास्त. काच क्ष-किरणात दिसत नाही असा समज बऱ्याच ठिकाणी आहे. प्रत्यक्षात नेहमीच्या वापरातली काच दिसते आणि दोन मिलिमीटरहून मोठे तुकडे सहसा सुटत नाहीत. तिच्या बोटात काच राहिलेली नव्हती. सोनोग्राफीत खोल कंडरेचे हाताकडील टोक तळव्यात, बोटाच्या मुळाजवळ सरकलेले दिसले. या माहितीमुळे छेद किती लांबवावा लागेल, हे आधीच ठरवता आले.

काय करायचे हे कसे ठरले

बोटाच्या मुळापासून मधल्या पेराच्या मध्यापर्यंतचा पट्टा कंडरा दुरुस्तीत सर्वांत अवघड मानला जातो. येथे दोन्ही कंडरा एकाच अरुंद नळीतून, पुली नावाच्या घट्ट पट्ट्यांखालून जातात. दुरुस्तीची जागा थोडी जाड झाली तरी ती पुलीला अडते आणि थोडी स्थिर राहिली तरी आजूबाजूला चिकटते. अमेरिकी शल्यचिकित्सक स्टर्लिंग बनेल यांनी या पट्ट्याला ‘नो मॅन्स लँड’ म्हटले होते. येथे ताबडतोब कंडरा शिवू नये, त्वचा भरू द्यावी आणि नंतर दुसरीकडची कंडरा आणून बसवावी, असा त्यांच्या काळातला सल्ला होता. 1967 मध्ये हॅरॉल्ड क्लाइनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पट्ट्यात थेट दुरुस्ती करून लवकर हालचाल सुरू केल्याचे चांगले परिणाम प्रसिद्ध केले आणि तेथून ही समजूत बदलत गेली.

आमच्यापुढे प्रश्न वेळेचा होता. पहिल्या एक-दोन आठवड्यांत थेट दुरुस्ती सहसा शक्य असते. तीन आठवडे उलटले की स्नायू आखडतो, रिकामी नळी आक्रसते आणि टोके ताण न देता जुळत नाहीत. मग दोन टप्प्यांची शस्त्रक्रिया करावी लागते: आधी सिलिकॉनची काडी बसवून नवी नळी तयार होऊ द्यायची आणि साधारण तीन महिन्यांनी मनगटाजवळील पामारिस लाँगससारखी कंडरा काढून तिच्या जागी घालायची. हजारी मजुरीवर जगणाऱ्या बाईसाठी याचा अर्थ जवळजवळ वर्षभराचे उत्पन्न जाणे असा होता. म्हणून तपासणीनंतर दोन दिवसांत, म्हणजे दुखापतीच्या चौदाव्या दिवशी, शस्त्रक्रिया ठरली.

तिने एकच प्रश्न विचारला. “डॉक्टरसाहेब, परत विडी वळता येईल का?” तिला सरळ उत्तर दिले: “ताई, बोट पुन्हा वाकेल अशी चांगली आशा आहे, पण पूर्वीसारखे शंभर टक्के होणार नाही. स्पर्श परत यायला कित्येक महिने लागतील. आणि तीन महिने त्या हाताने जोराचे काम करता येणार नाही.” तीन महिन्यांचा आकडा ऐकून त्या दोघी बाहेर जाऊन बराच वेळ बोलत बसल्या. हा वेळ दिलाच पाहिजे. काम थांबवण्याची तयारी नसलेल्या रुग्णाची कंडरा शिवणे म्हणजे ती काही आठवड्यांनी तुटण्यासाठी शिवणे होय. घरात झालेली दुखापत असल्याने कामावरील अपघाताची भरपाई लागू नव्हती, आणि घरी बसून वळणाऱ्या कामगाराला आजारपणाची पगारी रजा कोण देणार? शेवटी घरातल्या जावेने पाने आणण्याची व वळण्याची जबाबदारी घेतली, तेव्हा संमतीपत्रावर सही झाली. शस्त्रक्रियेच्या योजनेत मी या व्यवस्थेला भूल आणि टाक्यांच्या बरोबरीचे स्थान देतो.

शस्त्रक्रिया

शस्त्रक्रिया पूर्ण जागेपणी केली. जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेन या औषधात अत्यल्प प्रमाणात, 1 भागास 1,00,000 या प्रमाणात, अॅड्रेनलिन मिसळून ते तळव्यात व बोटात हळूहळू टोचले आणि सुमारे अर्धा तास थांबलो. अॅड्रेनलिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, रक्तस्राव फारच कमी होतो आणि दंडावर घट्ट पट्टा बांधावा लागत नाही. बोटात अॅड्रेनलिन टोचल्यास बोट काळे पडते, असे अनेक पिढ्यांना शिकवले गेले. कॅनडातील डोनाल्ड लॅलोंड व सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हाताच्या व बोटांच्या 3,110 सलग रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यात एकाही बोटाचे असे नुकसान झाले नव्हते. तरीही गरज पडल्यास उलट परिणाम करणारे फेंटोलामाइन हाताशी ठेवावे, आणि ज्यांच्या बोटांचा रक्तपुरवठा आधीच कमकुवत आहे त्यांच्यात ही पद्धत टाळावी.

जुन्या जखमेला नागमोडी छेद जोडून नळी उघडली. खोल कंडरेचे बोटाकडील टोक त्वचेच्या जखमेपाशी नव्हते. ते सुमारे दीड सेंटिमीटर पुढे, बोटाच्या टोकाच्या दिशेला सापडले. याचे कारण दुखापतीच्या क्षणी आहे. ग्लास मुठीत धरलेला असताना बोट वाकलेले होते, कंडरा त्या स्थितीत कापली गेली, आणि बोट सरळ होताच कापलेले टोक पुढे सरकले. जखमेत डोकावून कंडरा दिसत नाही म्हणजे ती शाबूत आहे असे मानू नये, ते याचसाठी. हाताकडील टोक सोनोग्राफीने दाखवल्याप्रमाणे तळव्यात होते. खोल कंडरेला तळव्यात लुंब्रिकल हा लहान स्नायू चिकटलेला असतो आणि तोच तिला मनगटापर्यंत पळू देत नाही. लहान बाळांना दूध पाजण्यासाठी वापरतात ती मऊ नळी पुलींखालून सरकवली, कंडरेचे टोक तिला टाक्याने बांधले आणि नळी ओढत ते टोक जागेवर आणले. चिमट्याने कंडरा वारंवार पकडली की जिथे पकड पडते तिथे नंतर चिकटपणा धरतो, म्हणून ही थोडी वेळखाऊ रीत आम्ही पसंत करतो.

खोल कंडरा चार पदरी मुख्य टाक्याने शिवली आणि तिच्या कडेभोवती बारीक 6-0 धाग्याची अखंड शिवण घातली. मुख्य टाका ताकद देतो; कडेची शिवण ती वाढवते, टोकांत फट पडू देत नाही आणि जोड गुळगुळीत ठेवते. वरच्या कंडरेचा एकच फाटा शिवला. दोन्ही फाटे शिवण्याचा आग्रह धरला असता तर अरुंद नळीत गर्दी झाली असती, आणि चौदा दिवसांनी ती नळी आधीच आखडलेली होती.

मग तिला बोट वाकवायला सांगितले. जागेपणी शस्त्रक्रिया करण्याचे सारे मोल या एका मिनिटात आहे. तिने बोट हळूहळू मिटले आणि अर्ध्यावर ते अडखळले. दुरुस्तीची जागा दुसऱ्या क्रमांकाच्या पुलीच्या कडेला अडत होती. दुसरी आणि चौथी या दोन पुली सर्वांत महत्त्वाच्या असतात. त्या पूर्ण कापल्या तर कंडरा हाडापासून उचलली जाते आणि बोटाची ताकद जाते. म्हणून दुसऱ्या पुलीची फक्त पुढची कड काही मिलिमीटर मोकळी केली आणि पुन्हा वाकवायला सांगितले. या वेळी बोट तळव्यापर्यंत आले, पूर्ण सरळ झाले आणि जोडात फट पडली नाही. पूर्ण भूल दिली असती तर हा अडथळा आम्हाला सहा आठवड्यांनी, न वाकणाऱ्या बोटाच्या रूपाने कळला असता.

त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली मज्जातंतू शोधला. दोन आठवड्यांत त्याच्या टोकांवर व्रणाची गाठ धरू लागली होती; निरोगी तंतू दिसेपर्यंत दोन्ही टोके छाटली आणि त्याहूनही बारीक 9-0 नायलॉनच्या धाग्याने जोडली. बोट सरळ केल्यावरही जोडावर ताण येत नव्हता, म्हणून पुढील व्यायामावर त्याची वेगळी बंधने घालावी लागली नाहीत. कंडरा दुरुस्त झाली की मज्जातंतू उरकून टाकायचे काम वाटू लागते, कारण तोवर तास-दीड तास गेलेला असतो. पण या बाईच्या बाबतीत तर्जनीची अंगठ्याकडची कड आणि तिचा मधला सांधा यांत कोणाला अधिक महत्त्व द्यावे, असे मला विचारले असते तर मी क्षणभर थांबलो असतो. वाकणारे पण बधिर बोट विडी वळताना बाजूला राहते.

स्प्लिंटमधील सहा आठवडे

शिवलेली कंडरा पहिल्या दिवशी जितकी मजबूत असते, तितकी ती पुढील दोन-तीन आठवडे राहत नाही. टोके मऊ पडतात आणि मगच नवी जुळणी धरते. त्याच काळात ती हलली नाही तर चिकटते. जास्त जोर लावला तर तुटते, अजिबात हलवली नाही तर अडकते. या दोन टोकांमधली वाट रुग्णाने स्वतः दिवसातून अनेकदा चालायची असते आणि शल्यचिकित्सक तेव्हा तिथे नसतो. म्हणून या सहा आठवड्यांचे श्रेय मी हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टला आणि घरच्या माणसांना देतो.

हाताच्या मागच्या बाजूने स्प्लिंट बसवला: मनगट जवळजवळ सरळ, बोटांच्या मुळाचे सांधे थोडे वाकलेले, मधले व टोकाचे सांधे पूर्ण सरळ करता येतील असे. पहिले तीन दिवस हात उंच ठेवून विश्रांती दिली, कारण सुजलेल्या बोटात कंडरा ओढायला जास्त जोर लागतो. चौथ्या दिवसापासून दर दोन तासांनी आधी दुसऱ्या हाताने बोट हळूच मिटवणे, मग स्वतःच्या ताकदीने अर्ध्या मुठीपर्यंत वाकवणे आणि प्रत्येक वेळी स्प्लिंटच्या पाठीला टेकेपर्यंत सरळ करणे, असा क्रम दिला. पूर्ण मूठ मिटण्याचा प्रयत्न करू नये, हे वारंवार सांगितले. कंडरेचे काही मिलिमीटर सरकणेही चिकटपणा रोखायला पुरते.

सोलापुरात या काळातला सर्वांत मोठा धोका नळाला पाणी येण्याचा दिवस असतो. पाणी काही दिवसांच्या अंतराने येते आणि आले की घरातली प्रत्येक घागर, कळशी, बादली भरून ठेवावी लागते. अशा वेळी घरातल्या बाईला हात बांधून बसा म्हणणे सोपे आहे, पाळणे कठीण. भरलेली बादली उचलण्याचा एक झटका शिवलेली कंडरा तोडायला पुरेसा असतो. आम्ही पाण्याचे दिवस विचारून घेतले आणि ते सासूबाईंच्या लक्षात आणून दिले. त्या दिवशी तिने खोलीबाहेर पडायचेच नाही, असा नियम त्यांनी घातला आणि तो पाळला.

चौथ्या आठवड्यात स्प्लिंटच्या पट्ट्यावर तंबाखूचे डाग दिसले. विचारल्यावर तिने मान्य केले की कारखान्यात माल कमी पडत होता म्हणून स्प्लिंट काढून थोड्या विड्या वळल्या. कंडरा शाबूत होती. तिला रागावून काही साधले नसते. आम्ही जावेला बोलावून घेतले, कंडरा तुटल्यास दुसरी शस्त्रक्रिया आणि पुन्हा तीन महिने, हे तिच्यासमोर सांगितले, आणि उजव्या हाताने एकटीने करता येईल असे मोजणीचे काम रुग्णाला दिले. चांगल्या केंद्रांतही शंभरातल्या साधारण चार-पाच दुरुस्त्या तुटतात, आणि बोट बरे वाटू लागल्यावर केलेला जोराचा वापर हे त्यामागचे एक मोठे कारण असते. ती मिश्री लावत असे. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून तीही बंद करायला सांगितली. ती पूर्ण सुटली नाही, कमी झाली.

सहा आठवड्यांनी दिवसाचा स्प्लिंट निघाला, आठव्यापासून हलकी कामे आणि बारा आठवड्यांनी जोराची कामे सुरू झाली.

बोट, स्पर्श आणि मधल्या बोटाची सवय

बारा आठवड्यांनी मधला सांधा 80 अंश आणि टोकाचा 30 अंश वाकत होता, तर मधला सांधा सरळ होताना 15 अंश कमी पडत होता. हाताचे शल्यचिकित्सक स्ट्रिकलंड यांच्या मोजणीनुसार दोन्ही सांध्यांच्या वाकण्याची बेरीज करून त्यातून सरळ होण्यातली उणीव वजा करतात आणि आलेल्या अंकाला 175 ने भागतात; तो आकडा 54 टक्के आला, म्हणजे मध्यम. सहा महिन्यांनी हेच कोन 95 व 45 अंश झाले, उणीव 10 अंशांवर आली आणि निकाल 74 टक्के, म्हणजे चांगल्या गटात गेला. उत्तम गट 85 टक्क्यांपासून सुरू होतो. चौदाव्या दिवशी केलेल्या दुरुस्तीसाठी मी हा निकाल समाधानकारक मानतो.

स्पर्शाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची झाली. मज्जातंतूची वाढ दिवसाला सुमारे एक मिलिमीटर होते, त्यामुळे मुळाच्या पेरापासून टोकापर्यंत पोहोचायला काही महिने जातात. सुरुवातीला मुंग्या येतात, मग स्पर्श येतो, पण तो चुकीच्या जागी जाणवतो. या मधल्या काळात तिच्या हाताने स्वतःचा मार्ग शोधला. पान धरताना बधिर तर्जनी आपोआप वर उचलली जाऊ लागली आणि चिमटी अंगठा व मधल्या बोटात होऊ लागली. ही सवय हातांच्या दुखापतींत वारंवार दिसते. मेंदू बेभरवशाचे बोट वगळतो. तिची गती त्या नव्या चिमटीने वाढू लागली होती आणि मजुरी परत मिळू लागली होती.

येथे थेरपिस्ट आणि मी काही काळ वेगवेगळ्या मतांचे होतो. त्यांना मधले बोट पट्टीने बांधून तर्जनी वापरायला लावायची होती. माझे म्हणणे असे की कमाईच्या वेळी तिला हवी ती चिमटी करू द्यावी आणि तर्जनीला दिवसातला वेगळा वेळ द्यावा. शेवटी तसेच ठरले. रोज थोडा वेळ डोळे मिटून तांदूळ, हरभरा आणि मणी हाताने ओळखायचे, आणि तेंदूच्या पानाची शीर कुठे आहे ते फक्त तर्जनीने शोधायचे. हा शेवटचा व्यायाम तिने स्वतः सुचवला. पानाची शीर टाळून कातरणे हे तिचे रोजचे कौशल्य होते, आणि कोणत्याही पुस्तकातल्या व्यायामापेक्षा तो तिने अधिक मन लावून केला. सहा महिन्यांनी अंगठ्याकडील कडेला दोन टोके 9 मिलिमीटरवर वेगळी जाणवू लागली. हे सामान्य नाही, पण गरम तव्यापासून संरक्षण देणारे आणि पान ओळखणारे आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे बोट ठणकते. मज्जातंतूच्या दुखापतीनंतर हे बहुतेकांना जाणवते आणि ते पूर्ण जाईलच असे सांगता येत नाही.

आता ती दोन्ही चिमट्या वापरते. नाजूक पान तर्जनीत, घाईचे काम मधल्या बोटात. पूर्वी दिवसभरात जेवढ्या विड्या होत, त्याच्या सुमारे तीन चतुर्थांश होतात.

सहाव्या महिन्याच्या तपासणीत चिकटलेली कंडरा मोकळी करण्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला. दुसऱ्याने वाकवल्यास टोकाचा सांधा 60 अंश वाकत होता, स्वतःहून 45. म्हणजे मिळण्यासारखे 15 अंश होते. त्याबदल्यात पुन्हा छेद, पुन्हा व्यायामाचे आठवडे, जोड तुटण्याचा धोका आणि नव्याने चिकटण्याची शक्यता होती. टोकाचे ते 15 अंश तिच्या कामात कुठे लागतात, हे आम्ही तिला विडी वळून दाखवायला सांगून पाहिले. ते कुठेच लागत नव्हते. तिने नको म्हटले आणि मलाही तेच योग्य वाटले. मधल्या सांध्याची 10 अंशांची उणीव वाढू नये म्हणून रात्रीचा स्प्लिंट आणखी काही महिने चालू ठेवला आहे, आणि मज्जातंतूची पुढची मोजणी दुखापतीला वर्ष पूर्ण झाल्यावर करायची आहे.